इनवर्डचा शिक्का

डिसेंबर आला की बेळगावात थंडीबरोबर विधानसभाही येते. सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरतं आणि बंगळूरचे मंत्री, सचिव, त्यांच्या गाड्या, त्यांच्यामागोमाग अख्ख्या राज्याची गाऱ्हाणी इकडे सरकतात. ऊसदर मागणारे शेतकरी, अंगणवाडीच्या बायका, कायम करा म्हणणारे शिक्षक. त्यांच्यासाठी मांडव पडतात आणि कुणी कुठं बसून ओरडायचं ते पोलिस ठरवतात. मराठी माणसांचा महामेळावाही याच दिवसांतला. त्याला परवानगी नाकारणं, जमावबंदी, कार्यकर्त्यांची धरपकड हे ओघानं आलंच. या धामधुमीत १० तारीख कधी येऊन जाते कळतही नाही. १९४८ साली याच दिवशी पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. आमच्याकडे त्या दिवशी एखाद्या सभागृहात समई पेटते, पाहुण्यांना शाल मिळते, शपथ होते, चहा होतो आणि मंडळी घरी जातात.

हक्क म्हटलं की बेळगावच्या मराठी घरात आधी सीमाप्रश्न आठवतो. माझ्याही घरात तेच होतं. १ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ साली आमचा जिल्हा म्हैसूरकडे गेला त्या दिवशी, वडील काळी फीत लावून सायकल फेरीला जायचे आणि आई त्या दिवशी शेवग्याच्या शेंगांची आमटी करायची, कारण ते दमून, उन्हातनं यायचे. १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि आमच्याकडे तो नाकारला गेला. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मधल्या काळात माणसं म्हातारी झाली, गेली. मी त्या लढ्याला हसणारी नव्हे. पण त्या एका मोठ्या हक्काची वाट बघता बघता आमच्या लोकांनी हाताशी असलेले बारके हक्क वापरायचेच सोडून दिले, हे माझं स्पष्ट मत आहे. मोठ्याचा निकाल दिल्लीत लागायचाय. बारके कधीच ठरून, छापून, कायदा होऊन बसलेत. ते मागायला एक कागद द्यावा लागतो आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी लागते, बस्स.

मी मराठी हायस्कूलात शिकवत होते. माहेर निपाणीकडचं, शेजार सगळा कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषा तोंडात आणि हातातही बसल्या. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या बायका आधी लाइट बिल वाचून घ्यायला यायला लागल्या, मग नोटिसा आणायला लागल्या, आणि आता तर ओळखीपाळखीचे अर्ज लिहून घ्यायला येतात. ‘बाई, जरा लिवून देता?’ असं विचारतात खरं, पण विचारेपर्यंत चप्पल काढून आत आलेलेच असतात. मी वकील नाही. कायद्याची पुस्तकं वाचते, अडलं तर वकील झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करते. माझ्या टेबलावर आलेल्या कागदांपैकी सीमाप्रश्नाचा एकही नाही.

गणपत गल्लीच्या तोंडाशी पाटी घेऊन बसणारी एक बाई आली होती. मेथी, पोकळा, कांदापात. सणाच्या आधी रस्ता मोकळा करायची मोहीम निघाली आणि तिची पाटी, ताडपत्री, इलेक्ट्रिक काटा सगळं गाडीत टाकून नेलं. ‘काटा साडेतीन हजाराचा हाय हो बाई, अजून हप्ते फिटले नाहीत.’ भाजीचं तिनं नावही काढलं नाही, ती गेलीच असं धरून चालली होती. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा मात्र भाजीचंही नाव काढतो. एखाद्या विक्रेत्याला जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर यादी करून द्यावी लागते. विक्रेत्यानं मागणी केल्यावर टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत सोडायचा आणि नाशवंत असेल तर त्याच दिवशी. पालेभाजी एका दिवसात सुकते, हे ज्यानं कायद्यात घातलं त्यानं कधीतरी बाजारात बसून बघितलं असणार. हा कायदा आभाळातून पडला नाही. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, पोटावर पाय दिलात तर जगणंच काढून घेतलंत. तिथून गणपत गल्लीतल्या काट्यापर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

अर्ज लिहिला. आता भाषेचं घोडं आलं. बाईला मराठीतच हवा होता, कारण खाली अंगठा करायचा तर काय लिहिलंय ते तिला कुणीतरी वाचून दाखवता आलं पाहिजे. टपाल घेणारा कारकून भला माणूस होता, तो म्हणाला, ‘ननग मराठी ओदाक बरंगिल्लरी,’ मला मराठी वाचता येत नाही हो. त्याचंही खोटं नव्हतं. पण राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो की कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे अर्ज करताना संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालते. कारकुनाला वाचता येत नसेल तर वाचून घेण्याची सोय कचेरीनं करायची. मी मराठी अर्ज दिला, मागच्या बाजूला चार ओळी कन्नडमध्ये घातल्या आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का मागितला. शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. तो मारताना कारकून जरा घुटमळला, कारण शिक्का मारला की कागद कचेरीचा होतो आणि मुदत मोजायला सुरुवात होते. ही मागे चार ओळी कन्नड लिहायची माझी पद्धत काहींना पटत नाही. ‘का म्हणून?’ असं एका कार्यकर्त्यानं मला तोंडावर विचारलं. कारण बाईला काटा हवा होता. तत्त्वासाठी भांडायला दुसरे दिवस आहेत, आणि तेव्हा मीही असते.

काटा तिसऱ्या दिवशी मिळाला. भाजी मिळाली नाही.

त्या ३५० च्या शेजारी ३५०क आणि ३५०ख असे दोन अनुच्छेद आहेत. ते मूळ घटनेत नव्हते. राज्य पुनर्रचनेला घटनेत बसवण्यासाठी १९५६ साली जी सातवी दुरुस्ती झाली, तिच्यातच ते आले. म्हणजे ज्या घडामोडीत चंदगड तालुका तेवढा वगळून आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला, त्याच घडामोडीत भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा आणि त्यांच्या संरक्षणासाठी एक विशेष अधिकारी नेमा, हेही लिहिलं गेलं. त्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय बेळगावात होतं. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यायचा, असा संकेत १९४९ पासूनचा आहे. जिल्हा गेला ही गोष्ट आमच्या पिढीला पाठ, त्याबरोबर आलेल्या या सोयी फार थोड्यांना ठाऊक.

आणि आता चाळीस मुलं आणायची कुठून? २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कर्नाटकाच्याच एका खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळेत मूल कुठल्या माध्यमात शिकेल ते सरकार लादू शकत नाही, तो आईबापांच्या निवडीचा हक्क आहे आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो. निकाल ऐकून आमच्याकडे आनंद झाला, सरकारी कन्नडसक्तीचं एक दार बंद झालं म्हणून. आनंद करणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसवत होते. हक्क त्यांचा, त्यांनी वापरला. माझ्या जुन्या शाळेच्या दोन तुकड्यांची एक तुकडी झाली, आणि त्याबद्दल कुणाला नोटीस पाठवायची हे मला अजून सुचलेलं नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र मराठीत करायला जाऊ नका, हेही सांगून ठेवते. २००५ च्या त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय. इथं तो कन्नड नाहीतर हिंदीत करावा. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. हिंदी तर आपल्याला येतेच की. पण ‘मराठीत घेतला नाही’ म्हणून अर्ज फाडून घरी आलेले लोक मी पाहिलेत.

पोलिसांचं प्रकरण निराळं. तिथं लोकांची बोबडी वळते.

मागे गणपतीच्या मिरवणुकीनंतर ढकलाढकली झाली आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका पोराला रात्री उचलून नेलं. सकाळी त्याची आई दारात. पदर तोंडात. तिला चौकीवर कुणी काही सांगत नव्हतं, पोरगं आत आहे की नाही तेही नाही. ‘नाळे बर्री’ म्हणाले, उद्या या. मी माझ्या एका वकील विद्यार्थ्याला पाठवलं. तो आत जाऊन भांडला नाही, आवाजही चढवला नाही. त्यानं फक्त विचारलं: अटक केली आहे का? केली असेल तर अटकेचा पंचनामा कुठाय, त्यावर वेळ काय घातलीय आणि घरच्यांपैकी कुणाला कळवलं? केली नसेल तर त्याला कशाखाली बसवून ठेवलंय? एवढ्यावर आतली हालचाल बदलली. दुपारी पोराला हजर राहण्याची नोटीस देऊन सोडलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सरसकट अटक न करता आधी नोटीस द्यायची, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्याआधीच्या कायद्यातही ही सोय होती. अटक केलीच तर कारण सांगायचं, वकील गाठू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे तर घटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच लिहिलंय, पहिल्या दिवसापासून.

अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यायची, घरी कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची, अधिकाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, या गोष्टी एका पत्रातून आल्यात. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ च्या ऑगस्टमध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९९६ च्या डिसेंबरात देशातल्या सगळ्या पोलिसांसाठी अकरा सूचना घालून दिल्या. एका साध्या पत्रातून एवढं झालं, हे मी मुलांना शिकवताना मुद्दाम सांगायचे. पत्रलेखनाच्या तासाला, ‘मामाला सहलीचे वर्णन करणारे पत्र’ संपल्यावर.

मारहाण झाली, तक्रारच घेतली नाही, असं काही असेल तर मानवी हक्क आयोग आहे. राष्ट्रीय आयोग १९९३ च्या कायद्यानं झाला, कर्नाटकाचा राज्य आयोग नंतर आला. फी नाही, वकील लागत नाही, आणि राष्ट्रीय आयोगाकडे आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, म्हणजे मराठी चालते. घटनेला वर्ष उलटलं की मात्र ते हात लावत नाहीत. आयोगाला दात नाहीत असं लोक म्हणतात, आणि ते बरोबर आहे. तो शिफारस करतो, हुकूम देत नाही. पण आयोगाचं पत्र वरून खाली उतरत ठाण्यात पोचलं की तिथल्या अधिकाऱ्याला लेखी खुलासा करावा लागतो, आणि खुलासा लिहिणं कुठल्याच अधिकाऱ्याला आवडत नाही.

फुकटच्या वकिलाबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. चन्नम्मा चौकाजवळ, कोर्टाच्या आवारात जायचं तर आधी पैसे मोजावे लागतात असं सगळे धरून चालतात. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण कशाला आहे मग? १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, लहान मुलाला, अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला, अपंगाला, कारखान्याच्या कामगाराला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही वकील सरकारी खर्चानं मिळतो, उत्पन्नाची अटच नाही. १५१०० हा फोन नंबर मी आमच्या दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. हिंडलग्याच्या तुरुंगाच्या भिंती आम्ही लहानपणापासून बसमधून बघतोय. आत शिक्षा झालेलेच असतात असं तेव्हा वाटायचं. निकालाची वाट बघत पडून राहिलेलेही आत असतात. पहिलाच गुन्हा असेल आणि आरोपाच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आतच गेला असेल, तर अशा कैद्याला जामिनावर सोडावं असं नवी संहिता म्हणते. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे त्यातून वगळलेत. त्यासाठी अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करायचाय. घरच्यांनी त्याला आठवण करायला कायद्याची काही हरकत नाही.

आता शेताकडे येते. दिवाळी झाली की चिकोडी, अथणी, संकेश्वर, सगळीकडे ऊसतोड सुरू होते. टोळ्या येतात, बऱ्याच बीडकडच्या, काही विजापूरकडच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि ती अंगावर घेऊन माणसं थंडीभर फेडत राहतात. बहिणीच्या शेतात एकदा टोळी उतरली होती. बांधाला पालं, चुलीवर भाकरी, गाडीच्या साटीला लुगड्याची झोळी बांधून त्यात सात-आठ महिन्यांचं पोर. मी शिक्षिका आहे कळल्यावर एका बाईनं कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेली झेरॉक्स काढली. मुकादमानं अंगठा घेतलेला स्टॅम्प पेपर. नाव होतं, गाव होतं, ‘उचल रक्कम रुपये’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढची जागा कोरी. तिला एवढंच हवं होतं की मी रक्कम वाचून दाखवावी. तिथं वाचण्यासारखं काही नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग त्यो म्हणंल तेवढं.’

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. आगाऊ पैशापोटी माणसाला बांधून ठेवून राबवून घेणं हा त्यात गुन्हा आहे, आणि असं कर्ज कायद्यानंच संपलेलं असतं, ते फेडायचं नसतं. घटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये वेठ आणि सक्तीच्या मजुरीला बंदी आहेच. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी राबतो तो भुकेपोटी राबतो, म्हणून तीही सक्तीच. जिल्ह्यात या कायद्यासाठी दक्षता समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. हे सगळं मी त्या बाईला बांधावर बसून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, झेरॉक्स परत घडी घालून पिशवीत ठेवली. पुढच्या वर्षी उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची होती. एकट्या कोयत्यानं तक्रार करायची नसते, ती टोळीनं करायची असते, आणि टोळी मुकादमाची. इथं कायदा बाईच्या हातात देऊन भागत नाही. तो कुणीतरी बाहेरून, साहेबाच्या गाडीतून, पालापर्यंत न्यायला लागतो. बागायतदारांना मी हे बोललेलं आवडत नाही. आमच्या बहिणीलाही आवडलं नव्हतं.

कारण हक्क सरकारकडून मागायचे असतात अशी आपली समजूत. आपल्याकडूनही कुणीतरी मागणार आहे, हे डोक्यात येत नाही. १९२५ साली निपाणीत मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. त्या लोकांचं गाऱ्हाणं इंग्रजाविरुद्ध नव्हतं, शेजारच्या गल्लीविरुद्ध होतं. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला पोरी सोडायच्या, ते काही कलेक्टर करत नव्हता. घरचेच करायचे, हळदकुंकू लावून. कर्नाटकानं १९८२ साली देवदासी प्रथेला बंदी करणारा कायदा केला तो या घरच्यांसाठी.

आणि आमच्याच जिल्ह्यातलं नवी वंटमुरी गाव. डिसेंबर २०२३, मानवी हक्क दिन नुकताच झालेला, सुवर्णसौधमध्ये अधिवेशन चालू. मुलगा एका मुलीला घेऊन पळाला म्हणून तिच्या घरच्यांनी त्याच्या आईला मध्यरात्री घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून फिरवलं, खांबाला बांधून मारलं. लोक जमले होते. एक-दोन माणसं मधे पडली, बाकीचे बघत राहिले. कर्नाटक उच्च न्यायालयानं बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. पोलिसांना विचारलं, सरकारला विचारलं आणि बघत राहिलेल्या गावालाही विचारलं. त्यातला एक आदेश मला फार शहाणपणाचा वाटतो. रुग्णालयात त्या बाईला भेटायला पुढाऱ्यांची, संघटनांची रीघ लागली, तेव्हा डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय तिला कुणी भेटायचं नाही, असं न्यायालयानं सांगितलं. जगण्याच्या हक्काचे मोठमोठे निकाल आहेत. जखमी बाईला पडून राहू द्या, तिच्या खाटेशेजारी फोटो काढू नका, हा त्यातला सगळ्यात साधा, आणि तोही कोर्टाला हुकूम करून सांगावा लागला.

घरात तर कायदा शिरलेला कुणालाच खपत नाही. सासरच्या घरात राहायचा हक्क सुनेला आहे, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ‘घराबाहेर हो’ म्हणता येत नाही, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे मी एका हळदीकुंकवाला सहज बोलून गेले तर वाण देणारीचा हात जरा आखडलाच.

पण अलीकडे माझ्याकडे सासवा जास्त येतात. यळ्ळूर रस्त्याला आमच्या शहराला चिकटत चाललेल्या एका गावातली आजी आली होती. नवरा गेला, दोन एकर शेत होतं, मुलाच्या नावावर करून दिलं, आणि आता मागच्या पडवीत चूल वेगळी. दवाखान्याचे पैसे मागितले की सून भांडी आपटते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अशा आईला मुलाकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मागता येते. न्यायाधिकरण एसी साहेबांच्या, म्हणजे असिस्टंट कमिशनरच्या कचेरीत असतं. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. सांभाळ करीन या अटीवर जमीन लिहून दिली असेल आणि सांभाळलं नाही, तर ते खरेदीखत किंवा बक्षीसपत्रही रद्द होऊ शकतं. तिच्या कागदात ती अट घातली नव्हती. आपल्याकडे पोटच्या पोराला अट कोण घालतं? म्हणून पोटगीचाच अर्ज केला. अंगठा करताना तिनं दोनदा विचारलं, ‘त्येला जेलात घालत नाहीत न्हवं?’ नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. सुनावणीच्या दिवशी एकाच टेम्पोतून दोघं आली, तो पुढं, ती मागं. साहेबांनी दोघांना समोर बसवून आधी समजुतीनं घेतलं. महिना चार हजारांवर ठरलं, खात्यात जमा करायचे.

पैसे येतात. मुलगा बोलत नाही, नातीलाही पडवीत येऊ देत नाही. गेल्या आठवड्यात आजी पुन्हा आली, यावेळी रेशन कार्ड वेगळं करून हवं म्हणून. ते होईल, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या कचेरीत विचारून कागद गोळा करू म्हटलं. मग म्हणाली, ‘त्यात नातीचं नाव घाला. माझ्या कार्डात असली म्हंजे तिला माझ्याकडं पाठवायला लागंल.’ मी सांगितलं, असं नाही होत आजी, पोरगी ज्या घरात राहते त्या कार्डात तिचं नाव राहतं. ती ऐकून घेईना. कायद्यात असंल की कुठंतरी, तुम्ही नीट बघितलं नसंल, म्हणाली. अर्जात तिचं एकटीचं नाव लिहून मी पेन खाली ठेवलं, तर तिनं ते उचलून परत माझ्या हातात दिलं. ‘खाली जागा हाय की मोकळी. लिवा तुम्ही. नको असंल तर तेच खोडतील.’